दादा, पीसी घेऊ की प्लेस्टेशन?

आमच्या घरात आठवड्याला दोन रविवार असतात. एक जगाचा आणि दुसरा शुक्रवारी. अंबरनाथ एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे बाबा तीस वर्षं शुक्रवारी घरी, आणि मी (आधी शाळा, मग कॉलेज, मग हापिस) रविवारी घरी. आता बाबा रिटायर झालेत, मला आठवड्यातून दोन दिवस घरून काम असतं, पण त्यांची शुक्रवारची सवय काही सुटलेली नाही. शुक्रवारी सकाळी ते अजूनही काहीतरी खोलून बसलेले असतात. मिक्सर, गळका नळ, शेजाऱ्यांचा टेबलफॅन... काहीही चालतं.

तर २०२५ च्या दिवाळीनंतरचा असाच एक शुक्रवार. आत्याचा मुलगा बदलापूरहून सकाळीच टपकला. वय २३, आयटीआय झालेला, आनंदनगरला (म्हणजे अतिरिक्त अंबरनाथ एमआयडीसीत) एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर मेन्टेनन्सला आहे. बोनस आणि वर्षभराची शिल्लक मिळून त्याच्याकडे ६० हजार जमले होते. आईने पोहे पुढे ठेवले, त्याने पहिला घास घेतला आणि विचारलं, "दादा, पीसी घेऊ की प्लेस्टेशन?"

आता हा प्रश्न मला विचारणं म्हणजे वडापाववाल्याला "वडा खाऊ की इडली" विचारण्यासारखं आहे. मी पीसी पक्षाचा जुना निष्ठावंत कार्यकर्ता. माझं भाषण तयारच असतं. कन्सोल म्हणजे बंद डबा, त्यात तुझं काहीच नाही. पीसी टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, गेम सेलमध्ये मातीमोल मिळतात, ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही, वर अभ्यास होतो, काम होतं, चार गोष्टी शिकायला मिळतात. मी आज जो काही आहे तो पीसीमुळे, वगैरे वगैरे. शेवटचं वाक्य मी जरा छाती पुढे काढून म्हणतो.

बंधुराज शांतपणे ऐकत होते. मी म्हटलं, थांब, तुला एक्सेलमध्येच करून दाखवतो. (आयटीवाल्याला लग्नाची मुलगी दाखवा, तो आधी शीट उघडेल. असो.) एका बाजूला २०१३ पासून आजपर्यंत माझ्या पीसीवर झालेला खर्च, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच काळात कन्सोल घेतला असता तर झाला असता तो. बाबा मिक्सरचं भांडं हातात धरून मागे येऊन उभे राहिले. जरा वेळ बघितलं आणि म्हणाले,

"मेन्टेनन्सचा कॉलम कुठाय?"

झालं! तिथून शुक्रवार हातातून गेला.

मुळात आमच्या घरात गेमिंग आलं ते उल्हासनगरातून. २००३-०४ ची गोष्ट असेल, मी पहिली-दुसरीत. तीन नंबरच्या बाजारातून बाबांनी टीव्ही गेम आणला होता. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद आमच्याकडे प्रत्येक वस्तूबरोबर फुकट मिळतो, तसा तेव्हाही मिळाला. मूळ यंत्र जपानच्या निन्तेंदोने १९८३ मध्ये काढलेलं. आमच्या हातात वीस वर्षांनी पडली ती त्याची नक्कल, पिवळ्या कॅसेटवर "९९९९९९९ इन १" असं छापलेलं. प्रत्यक्षात गेम पंधरा-वीसच, तेच तेच पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की सगळं पोरवय तिच्यात फुंकर मारायचं. बाबांनी मला फुंकू दिलं नाही. "थुंकी उडते, पितळ गंजतं" असं म्हणून त्यांनी माझ्या कंपासमधलं खोडरबर घेतलं आणि कॅसेटच्या कडेच्या पट्ट्या घासून दिल्या. चालली की! निन्तेंदोनेसुद्धा पुढे लोकांना फुंकर मारू नका म्हणून सांगितलं होतं हे मला फार नंतर कळलं. तो माझा गेमिंग मेन्टेनन्समधला पहिला धडा आणि आजही रॅम चालेनाशी झाली की मी आधी खोडरबरच शोधतो. (फार घासू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो.)

मधली वर्षं सायबर कॅफेत गेली. २० रुपये तास, काउंटर स्ट्राइक, व्हाइस सिटी, घरी खोटं बोलणं. ते सगळ्यांचं सारखंच असतं, त्यामुळे सोडून देतो.

खरा पीसी आला २०१३ मध्ये, दहावी झाल्यावर. बाबांनी कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. आम्ही दोघं लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदारच गोंधळतो.) मे महिन्यात कोटेशन घेतलं. बाबांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी ते चार जणांना दाखवलं, महिनाभर विचार केला. तोपर्यंत रुपया घसरायला लागला होता. मेच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता, जूनच्या अखेरीस त्याने ६० ओलांडले. पुन्हा गेलो तर तीच यादी, तोच माणूस, भाव वेगळा. पीसी म्हणजे काय तर तैवान-चीनमधून आलेले सात-आठ डबे. त्या प्रत्येकावर डॉलरचा भाव असतो आणि तो रोज बदलतो, हे मला त्या दिवशी समजलं. कन्सोलचं तसं नसतं. कंपनी एकदा किंमत छापते आणि बराच काळ ती पाळते. प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० ला आला, प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला. वर कन्सोल विकताना कंपनी नफा कमी घेते, प्रसंगी तोटाही सोसते, आणि पुढे गेममधून वसूल करते. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तसलाच प्रकार.

आमची खरेदी: आय३-३२२०, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर, सगळं मिळून २७,३००. यूपीएस वेगळा, २,२००.

शीटमध्ये हे आकडे मी अंदाजाने टाकत होतो. बाबा आत गेले आणि कपाटातून त्यांची वही घेऊन आले. कारखान्याच्या नावाची, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात आमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राचं एकेक पान आहे: फ्रिज, मोटर, स्कूटर, वॉशिंग मशीन आणि "कॉम्प्युटर". तारीख, काय बिघडलं, काय बदललं, किती गेले. मला हे पान आहे हेच माहीत नव्हतं.

त्यात २०१५ च्या दिवाळीची एक ओळ होती. ही ओळ समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. एप्रिल २०१५ मध्ये जीटीए ५ पीसीवर आला. दुकानात मिळायचा तो सात डीव्हीडींचा संच, ६५ जीबी. आमच्या तेव्हाच्या नेटवर तो डाउनलोड करायचा तर दोन आठवडे लागले असते. ग्राफिक कार्डाशिवाय तो धड चालायचा नाही. मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. बाबांना सांगितलं, ड्रॉइंगसाठी लागतं, ऑटोकॅड अडकतंय. बाबांनी काही विचारलं नाही. बोनस झाला आणि जीटीएक्स ७५० टीआय आलं. हे कार्ड मी मुद्दाम निवडलं होतं, कारण ते ६० वॅटमध्ये भागवतं, वेगळी वायर लागत नाही, आमच्या हलक्या एसएमपीएसवर चाललं असतं. दहा वर्षं मी ते खोटं बऱ्यापैकी निर्धास्तपणे बाळगून होतो.

वहीतली ओळ अशी: "दिवाळी. कार्ड (गेमसाठी). ९,५००."

मी बाबांकडे बघितलं नाही. बंधुराजांनी मात्र वाचलं आणि पोह्यांत तोंड घालून हसले.

"माहीत होतं तर दिलंत कशाला?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"तुझ्या वर्गातली पोरं गाड्या मागत होती," बाबा म्हणाले आणि मिक्सरकडे वळले.

बरं, पुढच्या ओळी. २०१६ च्या पावसाळ्यात लाइट गेली आणि आली ती झटक्याने आली. हलका एसएमपीएस स्वतः गेला आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. नवा चांगला एसएमपीएस ३,४००, सेकंडहँड बोर्ड ३,२००. मग रॅम वाढवली, २,०००. यूपीएसची बॅटरी दोनदा, ९०० आणि १,०००. यूपीएसची बॅटरी हा असा खर्च आहे की तो कुठल्याच तुलनेत धरला जात नाही, पण आमच्या भागात दर दोन-तीन वर्षांनी तो दत्त म्हणून उभा राहतो. पहिल्या पीसीची सहा वर्षांची बेरीज झाली ४९,५००.

आणि त्याचा शेवट? तो बंधुराजांच्याच घरी झाला. २०१९ मध्ये मला नोकरी लागली, हापिसचा लॅपटॉप मिळाला, म्हणून जुलैच्या सुरुवातीला मी तो पीसी मोठ्या मनाने त्याला देऊन टाकला. तो तेव्हा आयटीआयला होता. त्याने टेबलाखाली जमिनीवर ठेवला, सगळे ठेवतात तसाच. आत्याचं घर बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूला, तळमजला. २६ जुलैच्या रात्री पाऊस सुरू झाला तो थांबेना. ही तीच रात्र, जिच्या सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये हजारभर प्रवाशांसकट पाण्यात अडकून पडली होती. उल्हास नदी आत्याच्या घरात कमरेइतकी आली. माणसं वरच्या मजल्यावर गेली, गॅस सिलेंडर वर गेला, कागदपत्रं वर गेली. पीसी राहिला. पाणी ओसरल्यावर त्याने केबिनेटचं झाकण उघडलं तर आतून चिखल निघाला, अगदी वडीसारखा कापून. वीस दिवसांचा मालक! त्याने ते सगळं उन्हात वाळवून चालू करून बघितलं, पण ते काही उठलं नाही.

हे त्याने त्या शुक्रवारी बोलून दाखवलं नाही. मलाच शीट भरताना आठवलं.

दुसरा पीसी मी स्वतःच्या पैशाने घेतला, फेब्रुवारी २०२०. ७१,००० आणि मोठा यूपीएस ५,०००. महिन्याभरात लॉकडाऊन लागलं, तेव्हा मी स्वतःला द्रष्टा वगैरे समजायला लागलो होतो. त्यात जीटीएक्स १६६० सुपर हे कार्ड होतं, साधारण २० हजारांचं. २०२१ मध्ये इथेरियमवाल्यांनी जगभरची कार्डं उचलली, चिपांचा तुटवडाही होता, आणि माझं वर्षभर वापरलेलं कार्ड घेतलं त्याच्या दुपटीला लोक मागत होते. मी विकलं नाही. "आपली वस्तू आहे, विकायची कशाला?" सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि सेकंडहँड कार्डांचा बाजार बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये माझं कार्ड बसलं. तीन वर्षांची वॉरंटी संपून आठ महिने झाले होते.

स्क्रीनवर आधी रंगीत ठिपके, मग रेघा, मग काळोख. उल्हासनगरच्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं. त्याने भिंगाखाली बघितलं आणि विचारलं, "एमआयडीसी के पास रहते हो क्या?" मी थक्क! याला पत्ता कसा कळला? त्याने मलाही भिंगातून दाखवलं. बारीक बारीक भागांच्या टोकांवर काजळ धरल्यासारखा काळा थर. "उधर का माल ऐसा ही आता है," तो म्हणाला. ३,५०० घेऊन त्याने चार रेझिस्टर बदलले, कार्ड चार महिने चाललं आणि कायमचं गेलं.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, एमआयडीसीच्या हद्दीपासून चालत दहा मिनिटं. संध्याकाळी वारा पडला की वास येतो. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी गोडसर, कधी नुसताच घशात बसणारा. नवीन पाहुणा नाक मुरडतो, आम्हाला कळतही नाही. पण तांब्याला आणि चांदीला कळतं. हवेत गंधकाचे वायू असले की चांदीवर सिल्व्हर सल्फाइड धरतं, म्हणजे चांदी काळी पडते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ती चांदी कुठे असते? मोहरीएवढे चिप रेझिस्टर असतात ना, त्यांच्या टोकांत. ती खाल्ली गेली की रेझिस्टर तुटल्यासारखा होतो आणि वीस हजारांचं कार्ड चार आण्यांच्या भागासाठी मरतं. त्यात दमट हवा असली की हे आणखी लवकर होतं. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी घातली, तेव्हा बऱ्याच बोर्डांवर शिशाच्या कल्हईऐवजी चांदीचा पातळ थर आला आणि आशियातल्या प्रदूषित शहरांत डेटा सेंटरमधले बोर्ड धडाधड जायला लागले. तेव्हापासून मोठे डेटा सेंटरवाले हवेची परीक्षा घेतात. तांब्याची आणि चांदीची एकेक पट्टी महिनाभर खोलीत टांगून ठेवायची आणि तिच्यावर किती अँगस्ट्रॉम थर चढला ते मोजायचं. तांब्यावर महिन्याला ३०० च्या आत आणि चांदीवर २०० च्या आत, तर हवा यंत्रांना चांगली.

हे सगळं मी आंतरजालावर रात्रभर वाचून दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने घरात सांगितलं होतं. आई निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाली, "मग त्यात काय? आपली देवाची निरांजनं पंधरा दिवसांत काळी होतात. ठाण्याला मावशीकडे तशीच आहेत, सहा महिने पांढरी राहतात. मी नेहमी म्हणते." म्हणजे चांदीची पट्टी आमच्या देवघरात वर्षानुवर्षं टांगलेलीच होती, रीडिंग घ्यायला इंजिनियर घरात असून उपयोग नव्हता.

बाबांचं म्हणणं आणखी वेगळं. "आमच्या पॅनल रूमला एसी ऑपरेटरला गार वाटावं म्हणून असतो वाटतं तुला? हवा फिल्टरमधून घ्यायची आणि आत दाब थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरचा वायू आत येत नाही. आणि तू तुझं मशीन कुठे ठेवलंस? खिडकीत! वर त्याला चार पंखे, बाहेरची हवा आत ओढायला."

मला थंडाव्याची चिंता होती हो. जगभरचे गेमिंगवाले हवा खेळती ठेवा म्हणूनच सांगतात. ते ज्या हवेत राहतात त्या हवेत ते बरोबरच आहे.

मग २०२४ मध्ये आरटीएक्स ४०६०, २९,८००. नवे पंखे आणि कूलर २,७००. त्याआधी एसएसडी ६,५००, यूपीएसच्या बॅटऱ्या २,००० आणि २,५००. दुसरा पीसी एकूण १,२३,०००. दोन्ही मिळून १,७२,५००. गेमचे किती? स्टीमच्या सपोर्टच्या पानांत खोलवर एक जागा आहे, तिथे खातं उघडल्यापासून आपण किती पैसे भरले ते दिसतं. (बघू नका.) आकडा डॉलरमध्ये असतो, त्यामुळे आधी झटका कमी बसतो. माझे साधारण ३१ हजार निघाले. गेम ७१, पुरे केलेले २३. सेलमध्ये मातीमोल मिळतात म्हणून घेतलेले ४८ गेम अजून उघडलेलेही नाहीत.

एकूण २,०३,५००.

आता दुसरी बाजू. दोन कन्सोल, गोल ९० हजार. गेम वर्षाला तीन, सरासरी साडेतीन हजार, अकरा वर्षं, म्हणजे १,१५,५००. मी इथे विजयी मुद्रेने बंधुराजांकडे बघितलं. तो म्हणाला, "दादा, नवीन कोण घेतं? आमच्या शिफ्टला पाच जणांकडे पीएस आहे. एक डिस्क पाच घरांत फिरते. झाली की विकायची." डिस्क विकता येते हे मी पीसीवाला विसरूनच गेलो होतो. माझे ७१ गेम मी कुणाला देऊही शकत नाही. बरं, निम्मे धर, ५८ हजार. झाले १,४८,०००. पण अभ्यासाला पीसी तर लागलाच असता, म्हणून पहिल्या पीसीचे आणि यूपीएसचे २९,५०० कन्सोलच्या बाजूला टाकले. १,७७,५००.

फरक २६ हजारांचा, पीसीच्या विरुद्ध. बारा वर्षांत २६ हजार म्हणजे महिन्याला १८० रुपये. कन्सोलवर ऑनलाइन खेळायची वर्गणी धरली तर तेवढाही उरत नाही. विजेचं म्हणाल तर पीसी जास्त खातो, पण दिवसाला दोन तासांच्या खेळात ते काही घर बुडवत नाही. महावितरणचं बिल शंभर युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर चढतो, तेवढंच काय ते. थोडक्यात, सामना बरोबरीत.

"बघ!" मी म्हटलं. "बरोबरीत आहे. मग शिकायला मिळतं ते वरचं बोनस."

बाबा म्हणाले, "अजून फिटरचे तास धरले नाहीस."

कारखान्यात ब्रेकडाऊन झालं की नुसता सुटा भाग मोजत नाहीत, माणूस किती तास अडकला तेही लिहितात. माझे तास किती? पेस्ट बदलणं, धूळ काढणं, ड्रायव्हर, विंडोज पुन्हा टाकणं, लॅमिंग्टन रोडच्या खेपा, वॉरंटीच्या चकरा, मध्यरात्री "गेम का अडकतोय" म्हणून वाचत बसणं. वर्षाला वीस तास म्हटले तरी कमीच झाले. बारा वर्षांत २४०. आणि गंमत अशी की मला ते तास खर्च वाटलेच नाहीत. वाटणार कसे? तेव्हा मी कॉलेजात होतो, वेळ फुकट होता, पैसे बाबांचे होते आणि बिघाड हा निम्मा खेळ होता. पीसीमुळे मी इंजिनियर झालो असं मी म्हणतो ते अगदीच खोटं नाही. पण पीसी बिघडला तेव्हा मला तो दुरुस्त करत बसण्याची मुभा होती, हे मी त्या वाक्यात कधी धरलं नव्हतं.

मी तरी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, तू तर मेन्टेनन्सचा माणूस, तुला हे सोपं जाईल. तुला आवडेलही.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "दादा, बारा तास मी तेच करतो रे. पंप उघड, सील बदल, पुन्हा बसव, साहेब डोक्यावर उभा. घरी येऊन जेवेपर्यंत नऊ वाजतात. मला बटण दाबायचं आहे आणि समोर मैदान दिसलं पाहिजे. ते सुद्धा मीच उघडून बघायचं असेल तर माझी सुट्टी कधी?"

यावर माझ्याकडे शीटमध्ये कॉलम नव्हता.

त्या दिवसांत रॅमच्या भावांनीही त्याचीच बाजू घेतली. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवण्यात कंपन्यांना जास्त पैसा दिसायला लागला आणि २०२५ च्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत साध्या पीसीच्या रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ६० हजारांत मी ज्या पीसीचं स्वप्न त्याला विकत होतो, तो त्या पैशांत बसेना. पुन्हा तेच, मे २०१३ चं कोटेशन.

कन्सोलही काही संत नाहीत, हे मी त्याला सांगून ठेवलं. पूर्वी जुना झाला की स्वस्त व्हायचा, प्लेस्टेशन ५ उलटा महाग झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० चा ५४,९९० झाला. वॉरंटी एकच वर्ष. आत प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, म्हणजे आमच्यासारख्यांनी खोलायचं कामच नाही. गेला तर अख्खा गेला. तो म्हणाला, "चालेल. गेला तर कुणाला तरी देऊन येईन. मला नाही खोलायचा."

डिस्कवालाच घेतला, हे सांगायला नकोच. गेमपुरते पैसे उरले.

आम्ही बघायला गेलो ते पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी. मी, आई, बाबा. २०१९ च्या पाण्याची खूण आत्याच्या भिंतीवर रंगाखालून अजून पुसट दिसते. त्याच्यावर हातभर उंचीवर बंधुराजांनी कारखान्यातल्यासारखे अँकर बोल्ट मारून लोखंडी ब्रॅकेट ठोकले होते आणि त्यावर फळी. टीव्ही, प्लेस्टेशन, एक्स्टेंशन बोर्ड, सगळं वर. नदी येऊन गेली तरी त्याला काही होणार नाही अशी जागा. खेळायला मान थोडी वर करावी लागते, पण तेवढं चालतं म्हणाला.

बाबांनी आधी ब्रॅकेट हलवून बघितलं. हललं नाही. मग प्लेस्टेशनच्या मागे हात धरून गरम हवा कुठून येते ते बघितलं आणि तो भिंतीपासून चार बोटं पुढे घ्यायला लावला. "मामा, ह्याला काही करावं लागत नाही," तो हातात कंट्रोलर घेऊन म्हणाला. बाबा म्हणाले, "धूळ तर बसेल ना?" मी सांगितलं, बाजूचं कव्हर नुसतं सरकवून निघतं, आत धूळ साठायला दोन भोकं मुद्दाम ठेवली आहेत, व्हॅक्यूम लावला की झालं. बाबांना ते फारच आवडलं. कुणीतरी मेन्टेनन्सवाल्याचा विचार केलाय म्हणाले.

त्याने क्रिकेटचा गेम लावला होता. अर्धा तास खेळला, दोन षटकार मारले, एकदा आत्यालाही कंट्रोलर दिला. नंतर सोफ्यावर मागे टेकला आणि चहा येईपर्यंत झोपून गेला. आदल्या दिवशी रात्रपाळी झाली होती. आत्याने त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला आणि मला खुणेने विचारलं, हे बंद कसं करायचं.

परत येताना अंबरनाथला उतरलो तर वास होताच. घरी आल्यावर बाबांनी वही काढली आणि शेवटचं कोरं पान उघडून वर लिहिलं, "प्लेस्टेशन (बदलापूर)". खाली तारीख, आणि सहा महिन्यांनंतरची अजून एक. मग मला म्हणाले, "तुझं ते मशीन खिडकीतून कधी काढतोयस?"